नावाचे ऋण आणि सत्याचे ऋण
(चर्चिल घराण्यातील पुत्रांनी लिहिलेल्या पितृचरित्रांचा एक परामर्श)

चर्चच्या नोंदवहीत बाळाचे नाव लिहिण्याचे काम मी गेली अनेक वर्षे करीत आलो आहे. आजोबांचे नाव नातवाला द्यायचे, ही आपल्या घराघरांतील जुनी हौस. ते नाव लिहिताना मनात नेहमी एक प्रश्न डोकावतो. आपण या अजाण बाळाला दागिना देत आहोत की ओझे? या प्रश्नाचे उत्तर शोधू पाहणाऱ्याने एका इंग्रज घराण्याची ग्रंथसंपदा अवश्य वाचावी. ते घराणे म्हणजे चर्चिल. या घराण्यात दोनच नावे आलटून पालटून येत राहिली: रँडॉल्फ, विन्स्टन, रँडॉल्फ, विन्स्टन आणि पुन्हा रँडॉल्फ. यांतील तीन पुत्रांनी आपापल्या पित्याचे चरित्र लिहिले. एकाच घरात तीन पिढ्या पुत्राने पित्याचे चरित्र लिहावे, असे उदाहरण साहित्यात विरळाच. त्या तीन ग्रंथांचा आणि त्यांच्यामध्ये येणाऱ्या एका छोट्याशा लेखाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम वंशवेलीची ओळख करून घेऊ. एरवी वाचकाचा गोंधळ उडाल्यावाचून राहणार नाही.

पहिला विन्स्टन चर्चिल सतराव्या शतकातला (१६२०–१६८८). तो डॉर्सेटचा जमीनदार होता. इंग्लंडच्या यादवी युद्धात राजा पहिला चार्ल्स याच्या बाजूने तो लढला, राजपक्ष हरल्यावर दंड भरून कफल्लक झाला आणि सासूच्या घरी आश्रयाला राहिला. पुढे राजसत्ता परत आली, तेव्हा त्याला ‘सर’ ही पदवी मिळाली. त्याने घराण्यासाठी निवडलेल्या स्पॅनिश बोधवाक्याचा अर्थ ‘निष्ठावान, पण दुर्दैवी’ असा आहे. १६७५ साली त्याने इंग्लंडच्या राजांचा इतिहासही लिहून प्रसिद्ध केला. म्हणजे राजकारण आणि लेखणी यांची सांगड या घरात आरंभापासूनच होती. मात्र एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ‘विन्स्टन’ हे मुळात व्यक्तिनाम नव्हतेच. ते त्याच्या आईचे, सारा विन्स्टन हिचे, माहेरचे आडनाव होते. ज्या नावाचा पुढे तीन शतके पुरुषांनी अभिमान वाहिला, ते नाव या घरात एका स्त्रीने आणले.

या पहिल्या विन्स्टनचा मुलगा जॉन हा मार्लबरोचा पहिला ड्यूक. १७०४ सालच्या ब्लेनिमच्या लढाईतील विजयाबद्दल राष्ट्राने त्याला ऑक्सफर्डशायरमधील वुडस्टॉक येथे ब्लेनिम प्रासाद बांधून दिला. परंतु त्याचा एकुलता उरलेला मुलगा, त्याचेही नाव जॉनच, १७०३ साली केंब्रिज येथे शिकत असताना देवीच्या आजाराने दगावला होता. ड्यूकपद मुलींच्या द्वारा पुढे जावे म्हणून पार्लमेंटला खास कायदा करावा लागला. दुसऱ्या मुलीच्या विवाहामुळे पदवी स्पेन्सर घराण्यात गेली, आणि १८१७ साली पाचव्या ड्यूकने ‘चर्चिल’ हे आडनाव पुन्हा आपल्या नावापुढे जोडून घेतले. तेव्हा नावही स्त्रीकडून आले आणि आडनावही स्त्रीच्या वाटेने टिकले. ही गोष्ट येथे मुद्दाम नमूद करून ठेवतो. लेखाच्या शेवटी तिच्याकडे परत यावे लागेल.

सातव्या ड्यूकचा धाकटा मुलगा लॉर्ड रँडॉल्फ (१८४९–१८९५). त्याचा मुलगा जगप्रसिद्ध पंतप्रधान विन्स्टन (१८७४–१९६५), त्याचा मुलगा पत्रकार रँडॉल्फ (१९११–१९६८), आणि त्याचा मुलगा खासदार विन्स्टन (१९४०–२०१०). या शेवटच्या विन्स्टनचा मुलगा पुन्हा रँडॉल्फ. तो २२ जानेवारी १९६५ रोजी जन्मला आणि दोनच दिवसांनी, २४ जानेवारीला, त्याचे पणजोबा वारले. त्याच तारखेला, बरोबर सत्तर वर्षांपूर्वी, लॉर्ड रँडॉल्फचे निधन झाले होते.

नामसाधर्म्याचा एक विनोदी प्रसंगही या घराण्याच्या इतिहासात आहे. १८९९ साली तरुण विन्स्टनला कळले की, अमेरिकेत त्याच्याच नावाचा एक कादंबरीकार असून त्याच्या कादंबऱ्यांचा खप प्रचंड आहे. या विन्स्टनने त्या विन्स्टनला अत्यंत अदबीचे पत्र लिहिले आणि यापुढे आपल्या पुस्तकांवर ‘स्पेन्सर’ हेही नाव घालू, असे कबूल केले. त्या काळी दोघांत अधिक प्रसिद्ध अमेरिकन होता! आज त्याचे नाव ग्रंथालयातील जुन्या कपाटांबाहेर क्वचितच निघते. नाव एकच असले तरी कीर्ती वाटून घेता येत नाही, हा त्यातला धडा.

आता ग्रंथांकडे वळू.

पहिला ग्रंथ ‘लॉर्ड रँडॉल्फ चर्चिल’. विन्स्टनने तो १९०६ साली दोन खंडांत प्रसिद्ध केला, तेव्हा तो अवघा एकतीस वर्षांचा होता. पित्याची कारकीर्द उल्केसारखी होती. १८७४ साली लॉर्ड रँडॉल्फ वुडस्टॉकमधून पार्लमेंटात गेला, १८८५ साली भारतमंत्री झाला आणि १८८६ च्या ऑगस्टमध्ये अर्थमंत्री व सभागृहाचा नेता. वय सदतीस. पुढचा पंतप्रधान म्हणून लोक त्याच्याकडे पाहू लागले होते. त्याच डिसेंबरात लष्कर व आरमार यांच्या खर्चात कपात हवी म्हणून त्याने राजीनामा पुढे केला. तो कोणी स्वीकारणार नाही, अशी त्याची अटकळ होती. पंतप्रधान लॉर्ड सॉल्सबरी यांनी तो शांतपणे स्वीकारला. लॉर्ड रँडॉल्फ पुन्हा कधीही सत्तेवर आला नाही. नंतर आजाराने वाणी आणि बुद्धी दोन्ही हळूहळू झाकोळत गेल्या आणि पंचेचाळिसाव्या वर्षी त्याचा अंत झाला. त्या आजाराचे निदान अजूनही वादग्रस्त आहे.

अशा पित्याविषयी पुत्राने लिहिले आहे. भाषेच्या दृष्टीने हा ग्रंथ उत्तम आहे. पार्लमेंटातील वादविवाद नाटकातील प्रवेशांसारखे डोळ्यांसमोर उभे राहतात. राजीनाम्याच्या प्रकरणात तर वाचक निकाल ठाऊक असूनही श्वास रोखून वाचतो. परंतु समीक्षकाला येथे थांबून विचारावे लागते की, हे चरित्र आहे की वकिलाने मांडलेली बाजू? आयरिश इतिहासकार रॉय फॉस्टर यांनी १९८१ साली लॉर्ड रँडॉल्फचे जे राजकीय चरित्र लिहिले, त्यात या ग्रंथाची कठोर छाननी आहे. पुत्राने गैरसोयीचा मजकूर गाळला आणि पित्याच्या धरसोडीच्या राजकारणाला एका सुसंगत तत्त्वज्ञानाचे रूप दिले, असे त्यांचे प्रतिपादन आहे. त्यामागचे कारणही उघड आहे. विन्स्टन १९०४ साली कन्झर्व्हेटिव्ह पक्ष सोडून लिबरल पक्षात गेला होता. पक्षाने पित्यावर अन्याय केला, हे सिद्ध झाले की पुत्राचे पक्षांतर आपोआपच न्याय्य ठरत होते. पित्याची समाधी बांधता बांधता पुत्र स्वतःसाठी व्यासपीठ उभारीत होता.

भारतीय वाचकाला या ग्रंथात आणखी एक उणीव जाणवते. लॉर्ड रँडॉल्फ भारतमंत्री असताना ब्रिटिशांनी ब्रह्मदेशावर स्वारी केली. १ जानेवारी १८८६ रोजी उत्तर ब्रह्मदेश खालसा झाला आणि राजा थिबा याला बंदी करून आपल्या रत्नागिरीत आणून ठेवले. तीस वर्षे तो तेथे राहिला. त्याच्यासाठी बांधलेला थिबा राजवाडा १९१० साली पूर्ण झाला आणि १९१६ साली रत्नागिरीतच राजाने देह ठेवला. कोकणात गेलेल्या आपल्यापैकी अनेकांनी तो वाडा पाहिला असेल. पुत्राच्या ग्रंथात ब्रह्मदेश येतो तो पित्याच्या कर्तृत्वाचा एक टप्पा म्हणून. लंडनच्या इंडिया ऑफिसच्या खिडकीतून रत्नागिरीचा समुद्र दिसत नव्हता, हेच खरे.

तरीही या ग्रंथाला केवळ वकिली म्हणून निकालात काढणे अन्यायाचे होईल. ज्या पित्याची बाजू विन्स्टन इतक्या तळमळीने मांडतो, त्या पित्याने त्याला जवळ केलेच नव्हते. १९३० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रात विन्स्टनने एक आठवण सांगितली आहे. लहानपणी तो शिशाच्या शिपायांची फौज मांडून खेळत असे. एकदा वडील खोलीत आले, बराच वेळ ती मांडणी न्याहाळत राहिले आणि मग त्यांनी विचारले, सैन्यात जायला आवडेल का? मुलाला वाटले, वडिलांनी आपल्यातील सेनापती ओळखला. पुष्कळ वर्षांनी त्याला कळले की, वकिलीपुरतीही बुद्धी या पोरात नाही, असे वडिलांचे मत झाले होते. तो हे हसत सांगतो. पण या हसण्याखाली काय दडले आहे, ते समजायला वाचकाने स्वतः कोणाचा तरी मुलगा असणे पुरेसे आहे.

१८९६ साली फलटणीबरोबर तो मुंबईला आला. ससून डॉकच्या पायऱ्यांवर उतरताना भिंतीतील लोखंडी कडी धरायला गेला, तोच होडी लाटेने मागे सरकली आणि त्याचा उजवा खांदा निखळला. हे दुखणे त्याला जन्मभर पुरले. बंगळूरच्या छावणीत दुपारच्या वेळी तो गिबन आणि मेकॉले यांचे इतिहास वाची. त्याला आपल्या पित्यासारखा व्हायचे होते. पुढे १९२४ साली तो स्वतः अर्थमंत्री झाला, तेव्हा आईने जपून ठेवलेला पित्याचा अर्थमंत्रिपदाचा झगा त्याने अंगावर घातला.

दुसरे लेखन म्हणजे आरंभी उल्लेखिलेला छोटा लेख, ‘द ड्रीम’. १९४७ साली चार्टवेल येथील घरी जेवताना मुलांनी एका रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवून त्याला विचारले की, या खुर्चीत कोण बसलेले तुम्हाला आवडेल? तो क्षणाचाही विलंब न लावता म्हणाला, माझे वडील. त्यानंतर त्याने हा लेख लिहिला आणि तो आयुष्यभर मिटून ठेवला. त्याच्या मृत्यूनंतर एक वर्षाने, १९६६ साली, तो प्रसिद्ध झाला.

लेखाची कल्पना अशी. वृद्ध विन्स्टन पित्याच्या एका खराब झालेल्या तसबिरीची प्रत रंगवीत बसला आहे. मागे कोणी असल्याचा भास होतो. वळून पाहतो तो खुर्चीत वडील, तरुणपणीचे, जसेच्या तसे! त्यांना जगाची वार्ता हवी आहे. राजघराणे आहे का, पार्लमेंट चालते का, आयर्लंडचे काय झाले, भारताचे काय? मुलगा उत्तरे देतो, दोन महायुद्धांत माणसे किती मेली, हेही सांगतो. पण राजकारणात आपण स्वतः काय केले, ते तो सांगत नाही. अखेरीस सगळे ऐकून थक्क झालेले वडील म्हणतात की, तुझी जाण पाहता तू राजकारणात का शिरला नाहीस, याचे नवल वाटते, काही नाव तरी झाले असते. एवढे बोलून ते काडी ओढतात आणि त्या उजेडासरशी नाहीसे होतात.

माझ्या मते १९०६ च्या दोन जाडजूड खंडांपेक्षा या थोड्या पानांत अधिक सत्य आहे. खंडांत पुत्र पित्याचे समर्थन करतो. या लेखात तो पित्यासमोर नुसता उभा राहतो. महायुद्ध जिंकून दिलेला बहात्तर वर्षांचा माणूस, पण ज्याची शाबासकी हवी, त्याच्यापाशी तो एक शब्दही काढू शकत नाही. कर्तृत्व जगाला दाखविता येते. ते मेलेल्या बापाला कसे दाखवायचे? ज्यांच्या वडिलांनी कधी पाठीवर हात ठेवला नाही, अशा आपल्यातील अनेकांना हा लेख आपलाच वाटेल.

तिसरा ग्रंथ रँडॉल्फचा. नाव आजोबांचे, बाप पंतप्रधान. १९३२ साली त्याच्या एकविसाव्या वाढदिवसानिमित्त विन्स्टनने लंडनमध्ये मोठ्या पित्यांना आपापल्या पुत्रांसह मेजवानीला बोलावले होते. अपेक्षांचे केवढे हे ओझे! त्याच वर्षी जर्मनीत वार्ताहर म्हणून गेलेल्या रँडॉल्फने हिटलरचा विजय म्हणजे युद्ध, असा इशारा दिला होता. नजर तीक्ष्ण, वाणी तिखट, धैर्य अपार. परंतु मद्य आणि संताप यांनी त्याचा घास घेतला. १९३५ साली लिव्हरपूलच्या वेव्हरट्री मतदारसंघात, भारताला मर्यादित स्वराज्य देणाऱ्या विधेयकाला विरोध करण्यासाठी, तो पित्याला न विचारता अपक्ष उभा राहिला. दहा हजारांहून अधिक मते त्याने मिळविली, पण मते फुटून मजूर पक्षाचा उमेदवार निवडून आला. पुढे १९४० साली युद्धकाळातील पक्षसमेटामुळे तो प्रेस्टनमधून बिनविरोध निवडून आला, तेवढाच. निवडणूक लढवून तो सहा वेळा हरला.

कॅथलिक वाचकांना ठाऊक असलेला कादंबरीकार ईव्हलिन वॉ १९४४ साली युगोस्लाव्हियात लष्करी कामगिरीवर रँडॉल्फबरोबर होता. त्याच्या अखंड बडबडीला कंटाळून सोबत्यांनी पैज लावली की, पंधरा दिवसांत तू संपूर्ण बायबल वाचू शकणार नाहीस. हेतू हा की, तेवढे दिवस तरी शांतता मिळावी. झाले उलटेच! रँडॉल्फने वाचायला घेतले ते मोठमोठ्याने, मधूनमधून शेरे मारीत. ग्रंथ त्याला पूर्वी ठाऊकच नव्हता, आणि जुन्या करारातील देवाचा कोप वाचून तो अचंब्याने ओरडत असे. पैज लावणाऱ्यांचेच कान किटले.

असा हा बेशिस्त माणूस. पित्याने त्याच्याकडे अधिकृत चरित्राचे काम सोपविले ते १९६० साली, म्हातारपणी आणि बऱ्याच अनमानानंतर. आणि येथे आश्चर्य घडले. सफोकमधील आपल्या घरी कागदपत्रांचे ढीग आणून, तरुण संशोधकांची फळी हाताशी धरून रँडॉल्फ कामाला लागला. त्याने ठरविले की, आपण मध्ये बोलायचे नाही, पित्याने आपले चरित्र स्वतःच्या पत्रांतून स्वतःच सांगावे. पहिला खंड १९६६ साली आला, दुसरा १९६७ साली. मूळ पत्रे शक्यतो पूर्ण छापण्यासाठी वेगळे जोडखंडही निघू लागले.

या पहिल्या खंडात, घराण्याचा अभिमान बाजूला ठेवून, रँडॉल्फने दोन पत्रे वाचकांपुढे ठेवली आहेत. एक १८८५ सालचे. दहा वर्षांचा विन्स्टन ब्रायटनच्या शाळेतून वडिलांना लिहितो की, तुम्ही ब्रायटनला येऊन गेलात पण मला भेटला नाहीत, कामात असाल बहुधा. वडील खरोखरच कामात होते. त्याच सुमारास राजा थिबाला निर्वाणीचा खलिता धाडण्याची तयारी चालू होती. दुसरे पत्र ऑगस्ट १८९३ चे, वडिलांचे. मुलगा तिसऱ्या खेपेस सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयाची प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण झाला, तेव्हा अभिनंदनाच्या जागी वडिलांनी त्याला इतके लागट लिहिले की, ते वाचताना आजही मन चरकते. असाच राहिलास तर तू समाजातील एक वाया गेलेला माणूस होशील, असा त्याचा आशय होता.

विन्स्टनने आपल्या पित्याविषयी जे झाकले, ते रँडॉल्फने आजोबांविषयी उघडे केले. ज्या आजोबांचे नाव तो स्वतः वागवीत होता, त्यांचे! आणि त्याने त्यांच्यावर टीकेचा एक शब्दही खर्चिला नाही. पत्र छापले आणि तो बाजूला झाला. हा संयम मला या संपूर्ण ग्रंथसंपदेतील सर्वांत मोठा नैतिक क्षण वाटतो. आयुष्यभर जो स्वतः बोलत राहिला, तो आपल्या मुख्य कामात मौन पाळायला शिकला.

दोष नाहीत असे नाही. पत्रांच्या गर्दीत कथेचा ओघ अडतो, आणि चरित्रकार मत द्यायला कचरतो तेव्हा वाचकाला वाट चुकल्यासारखे होते. पित्याच्या ग्रंथातील डौल येथे नाही. दोन खंड पूर्ण करून रँडॉल्फ जून १९६८ मध्ये सत्तावन्नाव्या वर्षी वारला. त्याचा तरुण साहाय्यक मार्टिन गिल्बर्ट याने ते काम पुढे नेऊन आठवा खंड १९८८ साली पूर्ण केला. पुत्राने घातलेल्या पायावर परक्याने मंदिर उभे केले, आणि पाया भक्कम होता.

चौथ्या पिढीतील विन्स्टनचे पुस्तक १९९६ साली आले. त्याच्या शीर्षकाचा मराठीत अर्थ ‘आपल्या पित्याचा पुत्र’ असा होईल. शीर्षक रँडॉल्फविषयी असले तरी लेखकालाही तेच लागू पडते. हा विन्स्टन १९७० ते १९९७ खासदार होता, पण मंत्रिपद त्याच्या वाट्याला आले नाही. १९६७ साली त्याने रँडॉल्फच्या बरोबरीने पश्चिम आशियातील सहा दिवसांच्या युद्धावर पुस्तक लिहिले होते. म्हणजे ज्या सहकार्याचे स्वप्न पहिल्या पुत्राने पाहिले, ते निदान एकदा तरी या घरात प्रत्यक्षात आले. त्याच्या ग्रंथात पित्याची व्यसने, कर्जे, भांडणे दडविलेली नाहीत. वडील आणि आजोबा यांच्यातील पत्रे वाचताना दोन माणसे एकमेकांवर प्रेम करीत असताही एका खोलीत शांतपणे बसू शकत नाहीत, हे दुःख फार जवळून दिसते. मात्र लेखक दोष सांगतो आणि लगेच क्षमा मागून मोकळा होतो. बापाच्या स्वभावाची चिकित्सा करायला हवी, तेथे तो बापाचा एखादा किस्सा सांगून वेळ मारून नेतो. ग्रंथ मायेचा आहे, पण पित्याच्या अपयशाचे मूळ तो खणून काढीत नाही.

याच सुमारास, १९९५ साली, चर्चिल यांचे दप्तर राष्ट्रासाठी विकत घेण्यात आले. राष्ट्रीय लॉटरीतून त्यासाठी सव्वा कोट पौंड दिले गेले, आणि तो पैसा वारसांच्या वाट्याला गेल्यावरून इंग्लंडात गदारोळ उठला. कायद्याच्या दृष्टीने व्यवहार चोख होता. पण लोकांच्या मनात प्रश्न राहिला तो राहिलाच. ज्या माणसाने राष्ट्राच्या वतीने पत्रे लिहिली, त्या पत्रांवर नाव सांगणाऱ्यांची मालकी किती? नाव हे जेव्हा मिळकत होते, तेव्हा त्याची किंमत वाढते आणि मोल घटते.

आता एकूण हिशेब. या तिन्ही ग्रंथांत दोन पोकळ्या आहेत. पहिली, शासित प्रजेची. ब्रह्मदेशचा राजा असो वा १९४३ च्या दुष्काळात तडफडलेला बंगाल असो, पुत्रांच्या नजरेला पित्यापलीकडील माणसे अंधुकच दिसतात. १९४३ साली पंतप्रधान कोण होते, हे भारतीय वाचक विसरू शकत नाही. दुसरी पोकळी स्त्रियांची. ‘विन्स्टन’ हे नाव सारा विन्स्टनने आणले, आडनाव मुलींनी टिकविले. पण पुत्र लिहितात ते पित्यांविषयी. आईचे चरित्र लिहिले ते एका मुलीने. पंतप्रधानांची धाकटी कन्या मेरी सोम्स हिचा ‘क्लेमेंटाइन चर्चिल’ हा ग्रंथ १९७९ साली प्रसिद्ध झाला. तिच्या माथी कुणा पूर्वजाचे जड नाव नव्हते, कुणाची गादी चालवायची नव्हती. म्हणूनच की काय, आईवडिलांच्या सहजीवनातील प्रेम आणि थकवा या दोहोंविषयी ती इतक्या समतोलपणे लिहू शकली.

चौथी आज्ञा आपल्याला आईबापांचा मान राखायला सांगते. मान राखणे म्हणजे त्यांचे दोष झाकणे काय? अंत्यविधीच्या वेळी दोन शब्द बोलण्याचा प्रसंग माझ्यावर वारंवार येतो. घरची माणसे आदल्या रात्री येऊन हळूच सुचवितात की, फादर, चांगले तेवढेच सांगा. मीही सांगतो. पण परतताना कित्येकदा वाटते की, आपण त्या मृत माणसाला ओळखण्याची शेवटची संधी त्याच्या मुलांकडून हिरावून घेतली. रँडॉल्फने आजोबांचे ते कठोर पत्र छापले, तेव्हा त्याने आजोबांचा अपमान केला नाही. उलट, पित्याने आयुष्यभर जे दुःख एकट्याने वाहिले, त्याला त्याने साक्षीदार मिळवून दिला.

बाप्तिस्ता योहानाच्या जन्माच्या वेळी आप्तांना बाळाचे नाव बापावरूनच जखऱ्या ठेवायचे होते. तुमच्या कुळात योहान कोणी नाही, ही त्यांची तक्रार. मुक्या बापाने पाटी मागवून त्यावर वेगळे नाव लिहिले, आणि त्याच क्षणी त्याची वाचा फुटली. चर्चिल घराण्याने पाटीवर दरवेळी तीच दोन नावे लिहिली. हा दोष नव्हे. आपणही ते करतोच, आणि मी ती नावे आनंदाने नोंदवीत राहीन. परंतु आजोबांचे नाव नातवाला देताना आजोबांची खरी गोष्टही त्याच्याबरोबर द्यावी. ते कुठे चुकले, कुठे रडले, कुणाला भेटायचे राहून गेले, हे सारे. नुसते नाव दिले तर मूल जन्मभर एका तसबिरीची नक्कल रंगवीत बसते. गोष्टही दिली, तर केव्हातरी मागे वळून खुर्चीतल्या त्या माणसाशी त्याला मोकळेपणी बोलता येते.